कशावरून?



मुलांना आकाश कसं शिकवावं, या विषयावर बोलायला एका कवीला बोलावलं याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही भाषा विषय घेऊन. पण गेली काही वर्षं दर शनिवारी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मी एक तास घालवतो. तास खरं तर वाचन-लेखनाचा. कवितेचं बोट धरून आम्ही चंद्रापर्यंत गेलो आणि मग तिथेच रमलो. त्या तासांत जे पाहिलं आणि त्या निमित्ताने जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सातवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, दिवस आणि रात्र कशामुळे होतात? उत्तर तयार असतं : ‘पृथ्वीच्या परिवलनामुळे.’ पूर्ण गुण. आता त्यालाच विचारा, मग रात्री सूर्य कुठे असतो? इथे वर्ग एकदम बोलका होतो. कुणी म्हणतं समुद्रात, कुणी डोंगरामागे, कुणी म्हणतं अमेरिकेत. अमेरिकेत म्हणणाऱ्याला विचारावं, अमेरिका कुठे आहे, बोटाने दाखव. तो खिडकीकडे हात करतो. पायाखाली बोट दाखवणारा एखादाच.

म्हणजे या मुलाच्या डोक्यात दोन पृथ्व्या आहेत. एक पुस्तकातली, गोल आणि फिरणारी. दुसरी पायाखालची, सपाट आणि स्थिर. पहिली परीक्षेसाठी, दुसरी राहण्यासाठी. हे मी गमतीने म्हणत नाही. स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मुलांशी बोलून १९९२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. काही मुलांच्या मते पृथ्वी ताटासारखी होती, काहींच्या मते ती पोकळ चेंडू होती आणि आपण आत राहत होतो. आणि काहींच्या मनात खरोखरच दोन पृथ्व्या होत्या : एक आपली, एक आकाशातली. तेव्हा आपलीच मुलं कच्ची, असं समजायचं कारण नाही.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. १९८७ साली अमेरिकेत एक माहितीपट झाला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, अंगावर झगे घातलेल्या पदवीधरांना विचारलं होतं, उन्हाळा-हिवाळा का होतो? बहुतेकांनी ठामपणे सांगितलं, पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा. वस्तुस्थिती अशी की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर शोधत असतो तेव्हा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. ऋतू होतात ते पृथ्वीच्या आसाच्या कलण्यामुळे. पदवी मिळाली, पण लहानपणी मनाशी बांधलेलं उत्तर तसंच राहिलं. कारण ‘तू हे कशावरून म्हणतोस?’ असं कुणी विचारलंच नाही.

‘कशावरून’ हा आपल्या मराठीतला फार मोलाचा शब्द आहे. भांडणातही तो येतो, कोर्टातही येतो. विज्ञानाच्या तासाला मात्र तो फारसा ऐकू येत नाही. तिथे ‘म्हणजे काय?’ विचारतात, ‘व्याख्या लिहा’ म्हणतात. व्याख्या आधी आणि अनुभव नंतर, किंवा कधीच नाही.

आपल्याकडे या प्रश्नावर काम झालेलंच नाही, असं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं. आज ते मानखुर्दला आहे, डोंबिवलीकराला दोन गाड्या बदलून जाता येईल एवढ्या अंतरावर. केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी १९८१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, विज्ञान शिकताना भाषेचा होणारा अडसर. मूल विज्ञानात मागे पडतं तेव्हा ते विज्ञानात अडलेलं असतं की वाक्यात, हा त्यांचा प्रश्न. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली, तेव्हा मुलांचं आकलन सुधारलं आणि वर्गातलं बोलणंही वाढलं. मला हे दुसरं अधिक महत्त्वाचं वाटतं. मूल बोलू लागलं की ते विचारू लागतं.

याच केंद्रात पुढे शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांतल्या मुलांबरोबर खगोलशास्त्राच्या शिकण्यावर काम केलं. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांचा खेळ डोळ्यांसमोर उभा राहावा म्हणून त्यांनी आकृत्यांच्या जोडीला मुलांचे हातवारे, त्यांचं शरीरच वापरलं. पृथ्वी कशी फिरते हे तोंडाने सांगण्याआधी मुलाने स्वतः पृथ्वी होऊन फिरावं. साधी गोष्ट, पण फिरता फिरता त्याला कळतं की दिवा हलला नाही, तरी तो आपल्या डाव्या बाजूने आला आणि उजव्या बाजूने गेला, किंवा उलट.

आता आमच्या वर्गाकडे येतो. आम्ही काय केलं, तर प्रत्येकाने दोनशे पानी वहीचा मागचा भाग उघडला आणि वर लिहिलं, ‘चांदवही’. रोज चंद्र शोधायचा. तारीख, वेळ, दिशा लिहायची, चंद्राचा आकार काढायचा आणि खाली स्वतःचं एक वाक्य लिहायचं. दिसला नाही तर ‘दिसला नाही’ असं लिहायचं. तीही नोंदच.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. एकाने लिहिलं, ‘चंद्र वेस्टला दिसला.’ दुसरा म्हणाला, ‘मला तर ईस्टला, आमच्या बिल्डिंगवर.’ दोघं एकाच संध्याकाळी, एकाच चंद्राबद्दल बोलत होते. डोंबिवलीत ईस्ट-वेस्ट या दिशा नाहीत, त्या स्टेशनच्या दोन बाजू आहेत! मग आम्ही खरी पूर्व शोधायला निघालो. पुस्तकात न बघता, गच्चीवरून, सूर्य कुठून उगवतो ते पाहून. तेव्हा लक्षात आलं की आपले रूळ कल्याणकडे जाताना ईशान्येला वळलेले आहेत, त्यामुळे आपली ईस्ट ही खरी आग्नेय आहे. आणि सूर्य तरी रोज एका जागी कुठे उगवतो? जूनमध्ये तो कल्याणच्या बाजूला पुष्कळ सरकलेला असतो, डिसेंबरमध्ये उलट दक्षिणेकडे. या दोन टोकांमध्ये आपल्याकडे सुमारे ५० अंशांचं अंतर पडतं. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे पहिलीपासून पाठ केलेलं वाक्य, वर्षातून दोनच दिवस तंतोतंत खरं असतं. ते आमच्या मुलांनी पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलच्या टॉवरच्या खुणा धरून पकडलं.

दुसऱ्या महिन्यात सहावीतल्या एका मुलीने लिहिलेलं वाक्य मी जपून ठेवलं आहे. तिच्या घरी हिंदी-उर्दूच्या मधली आपली मुंबईची भाषा बोलतात. वर्गात ती गप्प असे. तिने लिहिलं होतं, ‘चांद रोज लेट येतो. पण लोकलसारखा नाही. रोज जवळजवळ तेवढाच लेट.’ श्रोतेहो, चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, ही गोष्ट या पोरीने स्वतः पाहून, स्वतःच्या भाषेत लिहिली. मी वर्गाला एवढंच विचारलं, ‘कशावरून?’ आणि तिने वही पुढे केली. तारखा होत्या, वेळा होत्या. बाईंनी फळ्यावर बेरीज-वजाबाकी करून घेतली.

त्याच महिन्यात रमजान ईद आली. आमच्याकडे चाँदरातीला सगळे गच्चीवर असतात. सूर्य बुडाला की पश्चिमेला, अगदी खाली, नखाएवढी कोर दिसते आणि थोड्याच वेळात मावळते. पुढे संकष्टी आली. एक मुलगा म्हणाला, ‘सर, यांचा चंद्र संध्याकाळी पश्चिमेला आणि माझ्या आईचा रात्री नऊ वाजता पूर्वेला. चंद्र दोन आहेत का?’ वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, चांदवही काढा. मुलांनी मोजलं. ईदच्या कोरीपासून संकष्टीपर्यंत सतरा दिवस गेले होते. या सतरा दिवसांत कोर वाढून पूर्ण चंद्र झाला होता आणि पुन्हा घटू लागला होता, आणि रोज तो उशिरा येत होता. एकाचा उपवास चंद्र दिसल्यावर संपतो, एकाचा महिना चंद्र दिसल्यावर संपतो. दोघांचं घड्याळ एकच.

मग प्रश्न आला, दोघांचं घड्याळ एक, तर दिवाळी दर वर्षी पावसाळ्यानंतरच कशी येते आणि ईद सगळीकडे कशी फिरते? आम्ही कॅलेंडर काढलं. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी. पंचांगवाल्यांनी ही तूट भरून काढायला साधारण ३३ महिन्यांनी एक अधिक महिना घातला. २०२३ साली अधिक श्रावण आला तो असा. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. मी मे महिन्याच्या उन्हातले रोजे ठेवले आहेत आणि डिसेंबरमधले छोट्या दिवसांचेही. हे सांगितल्यावर मुलांना दोन्ही घरांतली कॅलेंडरं दोन गणितांसारखी दिसू लागली. गणितात आपलं-परकं नसतं.

आता खरा अवघड प्रश्न. चंद्र लहान-मोठा का होतो? वर्गाला हात वर करायला सांगितले. बहुतेक मुलं म्हणाली, पृथ्वीची सावली पडते म्हणून. मी चूक की बरोबर सांगितलं नाही. म्हटलं, अष्टमीच्या संध्याकाळी बघू. अष्टमीला सूर्य मावळताना पश्चिमेला होता, अर्धा चंद्र डोक्यावर. विचारलं, दिवा पश्चिमेला असेल तर आपली सावली कुठे पडेल? पूर्वेला. मग ती डोक्यावरच्या चंद्रापर्यंत पोचेल कशी? कुणी बोललं नाही. ही शांतता मला फार आवडते. जुनं उत्तर गेलेलं असतं आणि नवं अजून आलेलं नसतं.

सोमवारी बाईंनी वर्गाच्या खिडक्या लावल्या, एक दिवा पेटवला. प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला खोचलेला एक चेंडू. स्वतःचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून, डोक्यापेक्षा किंचित वर धरून हळूहळू स्वतःभोवती फिरायचं. चेंडू दिव्याच्या दिशेला होता तेव्हा आपल्याकडची बाजू काळी. थोडं वळलं की कडेला कोर. पाठीमागे दिवा आला की पूर्ण गोल उजळ. चेंडू सतत अर्धा उजळलेलाच आहे, आपल्याला त्यातलं किती दिसतं एवढाच फरक. हे मुलांनी स्वतः पाहिलं. सावलीचं काम ग्रहणाच्या वेळी, आणि चंद्रग्रहण म्हणूनच फक्त पौर्णिमेला.

इथे माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला बोलायला जागा मिळाली. मी फळ्यावर लिहिलं, अमावास्या. अमा म्हणजे सोबत, वस् म्हणजे राहणं. सूर्य आणि चंद्र एकत्र राहतात ती तिथी. मुलांनी नुकताच चेंडू दिव्याच्या बाजूला धरला होता. त्यांना शब्द उलगडून दाखवावा लागला नाही, तो आपोआप उलगडला. मग आम्ही शब्दांची यादीच केली. काही शब्द वाट दाखवणारे, काही चकवणारे. शुक्राची चांदणी हा चकवणारा, कारण शुक्र तारा नाही, ग्रह आहे. ‘सूर्य उगवला’ हाही चकवणाराच, पण गोड, त्याला मोडीत काढायचं नाही. फक्त तो कुणाच्या बाजूने बोललेला आहे ते ओळखायचं. आणि ‘मृग लागला’? जूनमध्ये मृग लागतो म्हणतात, मग त्या रात्री आकाशात मृग का सापडत नाही? कारण तेव्हा सूर्यच मृगात असतो, ते तारे दिवसा त्याच्याबरोबर वर असतात. मृग पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री.

या सगळ्यानंतर आम्ही पाठ्यपुस्तकातला धडा उघडला. हातात पेन्सिल. पाहिलेलं वाक्य भेटलं की बाजूला बरोबरची खूण, न कळलेलं भेटलं की प्रश्नचिन्ह. तोच धडा, तेच शब्द, परिवलन आणि परिभ्रमण. पण आता मुलं त्यांना ओळखत होती. शेवटी प्रत्येकाने गावाकडच्या आजी-आजोबांना पत्र लिहिलं : चंद्र का घटतो-वाढतो. अट एकच, काय म्हणतो ते लिही आणि कशावरून म्हणतो तेही लिही.

अशा वाचनाचा उपयोग वर्गाबाहेर दिसतो. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. यानाचं काम सुमारे चौदा दिवस चालेल, असं वर्तमानपत्रांत होतं. तेव्हाच्या वर्गातल्या एकाने विचारलं, चौदाच का? दुसऱ्याने कॅलेंडर पाहिलं. ती श्रावण शुद्ध सप्तमी होती. आकाश ढगाळ असलं तरी चंद्र जवळजवळ अर्धा उजळलेला असणार, हे त्याला न पाहता सांगता आलं. चंद्रावर एका जागी ऊन आलं की ते आपल्या चौदा दिवसांच्या आसपास टिकतं, मग तेवढीच रात्र. सौर पट्ट्यांवर चालणारं यान उजाडल्यावर उतरवतात, ते यासाठी. बातमी वाचणं आणि आकाश वाचणं एकमेकांना असं भेटलं.

प्रश्न लिहिण्याचं महत्त्व जयंत नारळीकरांनी फार सुंदर रीतीने दाखवलं होतं. मुलांनी स्वाक्षरी मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. मे २०२५मध्ये ते गेले. पुण्यात त्यांनी आयुका उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, हे सगळं मोठंच. पण ते पोस्टकार्ड मला शिक्षणशास्त्राच्या एखाद्या ग्रंथाएवढं वाटतं. सहीसाठी का होईना, मुलाला बसून विचार करावा लागे : मला नेमकं काय विचारायचं आहे?

आता मनातली काळजी सांगतो. आमच्या भागातल्या अनेक मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. सेमी-इंग्लिश. त्यामागची पालकांची भीती मी समजू शकतो, पुढे कॉलेजात पोर अडू नये. इंग्रजीला माझा विरोध नाही. पण चंद्र लेट येतो लिहिणारी ती मुलगी पुढच्या वर्षी अशाच वर्गात गेली. काही महिन्यांनी तिची वही पाहिली. ‘द मून रिव्हॉल्व्ज अराउंड द अर्थ.’ अक्षर सुरेख, स्पेलिंग बरोबर. मी विचारलं, कशावरून? ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, ‘सर, टीचरनी लिहून दिलं.’ चांदवही? ‘ती मागच्या वर्षीची होती ना.’

उत्तर उधारीच्या भाषेत पाठ करता येतं. प्रश्न मात्र आपल्या भाषेतच सुचतो. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की पुस्तक कुठल्याही भाषेत असो, पाहणं, विचारणं आणि पहिलं वाक्य लिहिणं मुलाच्या घरच्या भाषेत होऊ द्या. मराठीत, उर्दूत, आगरीत, दोन्ही-तिन्ही मिसळून. पारिभाषिक शब्द नंतर येऊ द्या. त्याने ‘लेट’ लिहिलं म्हणून लाल रेघ मारू नका.

शिक्षक म्हणतात, वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, आकाशाचा धडा पुष्कळदा पुस्तकाच्या शेवटी, पोर्शन संपवायच्या घाईत. खरं आहे. पण चांदवहीला तासातली पाचच मिनिटं लागतात, आणि ती जूनपासून सुरू करता येते. पावसाळ्यातले ‘दिसला नाही’ही लिहिलेले बरे. साधनं नाहीत म्हणाल, तर मैदानात एक काठी रोवा आणि सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते ते पाहा. बारा वाजता पडत नाही, आपल्याकडे साडेबाराच्या आगेमागे पडते, कारण घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं आणि सावली डोंबिवलीची. वर्षातून दोनदा ती पायाखाली नाहीशी होते, १६ मेच्या सुमारास आणि जुलैच्या शेवटी. एक तारीख सुट्टीत आणि एक पावसात, ही निसर्गाची शाळेशी थट्टा. पण मे महिन्यात मुलं घरी असतात, गच्ची असते, आई-वडील असतात. आणि शहरातल्या उजेडात तारे दिसत नाहीत म्हणाल, तर कर्जतच्या गाडीने वांगणी फार लांब नाही. खगोल मंडळाची माणसं तिथे वर्षानुवर्षं रात्रभर आकाश दाखवत आली आहेत. चंद्राला तर तेवढंही लागत नाही. तो फडके रोडवरूनही दिसतो.

ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांचं मूल आहे, त्यांनी आज रात्री जेवणाआधी त्याला घेऊन गच्चीत किंवा रस्त्यावर जावं. चंद्र आहे का पाहावं. नसेल तर कुठे असेल, हे त्याला विचारावं. ते जे सांगेल त्यावर चूक-बरोबर न म्हणता, प्रेमाने एकच शब्द विचारावा. तो शब्द आता तुम्हाला माहीत आहे. आणि त्याने उलट तुम्हालाच तो विचारला, तर रागावू नये.



(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)